शब्दचर्चा: खिडकीशी उभी 'फॅशनेबल' बाई

चाफेकळी: एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. १७८०च्या सुमाराचं इंग्लिश जलरंगचित्र आहे, खिडकीशी उभी फॅशनेबल स्त्री. आत उशी भरून उंच चढवलेले केस, त्यावर पावडर, कोपराशी लेसच्या झालरी. मी 'नटवी' लिहिलं, तर संपादक म्हणाले, ही शिवी झाली. 'नखरेल', 'छानछोकीची', सगळ्यांतच नाक मुरडलेलं दिसतं. टोमणा नसलेला शब्द सुचवा.

पारिजात: 'नागर' घ्या ना, शहरी रीतभात जाणणारी. आणि खिडकी कशाला? 'गवाक्ष' म्हणा.

दर्यावर्दी: गवाक्ष इथे चुकेल. शब्दातच गाईचा डोळा आहे, म्हणजे गोल झरोका. फ्रेंच लोकही गोल खिडकीला 'बैलाचा डोळा' म्हणतात. व्हर्सायच्या राजवाड्यात त्या नावाचं दालनच आहे. लंडनच्या तेव्हाच्या घरांतल्या खिडक्या उभ्या, चौकोनी, वर सरकवायच्या. 'तावदान' म्हणा.

पारिजात: ते फारसी. ताबदान, ताब म्हणजे उजेड. शिवाय तावदान म्हणजे काचेचा भाग. बाई तावदानाशी कशी उभी राहील?

दर्यावर्दी: फारसी असलं म्हणून काय झालं? गोव्यात आमच्या आजीच्या घरी 'जनेल'च होतं, पोर्तुगीजांचं. काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या, दुपारी खोलीभर दुधी उजेड. तिला गवाक्ष म्हटलेलं कळलंच नसतं.

ओवी: मूळ प्रश्नाकडे येऊ का? 'झोकदार' कसा वाटतो? आई इस्त्रीची साडी नेसून निघाली की शेजारच्या काकू म्हणायच्या, "आज अगदी झोकात!" निव्वळ कौतुक असायचं त्यात.

पारिजात: झोकदार अक्षर असतं, वळण असतं. माणूस नाही.

चाफेकळी: 'झोकात' त्या दिवसापुरतं झालं, ही बाई रोजचीच अशी. त्यात ऐपतही आली. पुढे १७९५ मध्ये तर ब्रिटनमध्ये केसांना पावडर लावायची तर वर्षाला एक गिनी, म्हणजे तेव्हाचं एक सोन्याचं नाणं, कर बसला.

ओवी: मग 'शौकीन'?

पारिजात: पुन्हा बाहेरचाच!

कुंचला: जलरंगाचा विषय आहे म्हणून सांगते. त्याच सुमारास लंडनच्या रीव्हज या रंग बनवणाऱ्या बंधूंनी घट्ट रंगाचे तुकडे काढले, १७८१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सनं त्यांना चांदीचं पॅलेट दिलं. पत्रकात त्या तुकड्यांना इंग्रजीसारखं 'केक' लिहू नका. शाळेत आम्ही 'रंगाची वडी'च म्हणायचो.

दर्यावर्दी: वडी चौकोनी. आमच्या पेटीत गोल 'टिकल्या' होत्या.

कुंचला: त्या नंतरच्या. रीव्हजच्या चौकोनीच.

चाफेकळी: वडी घेतली. खिडकीही खिडकीच ठेवते. बाईचं मात्र अजून अडलंय, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.