गेटऑप्ट अडगळ आहे? वीस ओळींच्या लूपला उत्तर

पाइपवाला

काल हार्डवेअर_कट्टा यांनी इथे लिहिलं: गेटऑप्ट (सी भाषेत, कमांडमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे दिलेले '-' वाले ऑप्शन वाचून देणारं फंक्शन) ही जुनाट अडगळ आहे, ग्लोबल व्हेरिएबलांचा पसारा आहे, एक फॉर लूप आणि दोन शब्द ताडून पाहणारं स्ट्रकम्प घेतलं की वीस ओळींत काम होतं, नव्या मुलांना हेच शिकवा.

बाकी सगळं सोडून दिलं असतं. 'नव्या मुलांना हेच शिकवा' हे वाचल्यावर मात्र गप्प बसवेना.

मागच्याच आठवड्यात असा एक लूप माझ्याकडे रिव्ह्यूला आला होता. -व्ही चालतं, -एक्स चालतं, दोन्ही जोडून -व्हीएक्स दिलं की 'अनोळखी ऑप्शन'. -ओ च्या पुढे फाइलचं नाव द्यायला विसरलं तर लूप डोळे मिटून पुढचा शब्द उचलतो. तिथे असतो नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, कारण आर्गव्हीच्या (प्रोग्रामला मिळालेल्या शब्दांच्या यादीच्या) टोकाला नल असणार हे सीच्या स्टँडर्डमध्येच आहे. प्रोग्राम जागीच कोसळतो. -ओ आणि नाव जोडून लिहिलं तर तेही कळत नाही. '--' म्हणजे इथे ऑप्शन संपले, हे तर लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. त्यामुळे नावच '-' ने सुरू होणारी फाइल द्यायची तर वापरणाऱ्याने आधी './' लावायचं, आणि ते त्याला सांगणार कोण?

हे सगळं दुरुस्त केलं की वीसच्या ऐंशी ओळी होतात, आणि त्या पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासतो. गेटऑप्टचा सोर्स एटीअँडटीने १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम या युनिक्सच्या परिषदेत सगळ्यांसाठी खुला केला, पुढे ते पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या सामायिक नियमावलीत, आलं. सॉर्ट कमांड असो की कट, आपली बोटं न विचारता चालतात ती सगळीकडे एकच वळण आहे म्हणून. तुमचा प्रोग्राम ते वळण मोडतो आणि त्याची किंमत वापरणारा मोजतो.

हार्डवेअर_कट्टा

पाइपवाले, लेख सुंदर. आता आमच्या शॉपफ्लोअरवर या.

आमचा प्रोग्राम टेस्ट बेंचवर सेन्सरचं कॅलिब्रेशन करतो. ऑपरेटर एकच आकडा देतो, ऑफसेट. कधी १२, कधी -१२. गेटऑप्ट लावलं आणि -१२ दिल्याबरोबर उत्तर आलं: '१ हा ऑप्शन चुकीचा'. मग '२ हा ऑप्शन चुकीचा'. ऑपरेटर मला विचारतो, साहेब, मी ऑप्शन कुठे दिला? काय सांगू त्याला, डॅलसची गोष्ट?

दुसरं. डेस्कटॉपवर झक्क चाललेला प्रोग्राम एआरएम बोर्डावर चढवला आणि तो सुरूच होईना. नुसता फिरत राहिला. दोन दिवस गेले, त्यात एक रविवार. कारण काय, तर ऑप्शन संपले की गेटऑप्ट -१ देतं, आणि ते उत्तर इंटमध्ये न घेता कॅर मध्ये, म्हणजे एका बाइटच्या जागेत, घेतलं होतं. इंटेलवर कॅर साइन्ड, म्हणजे उणे आकडे धरणारा, त्यामुळे -१ ओळखला जायचा. एआरएमवर अनसाइन्ड, तिथे त्याचे २५५ होतात आणि लूप संपतच नाही. माझ्या साध्या लूपमध्ये हा खड्डा नाही. i आर्गसीपर्यंत, म्हणजे शब्दांच्या संख्येपर्यंत, गेला की संपला विषय.

आणि विंडोजच्या कंपायलरबरोबर गेटऑप्ट येतच नाही, ते वेगळंच.

पाइपवाला

रविवार गेला याचं वाईट वाटलं, मनापासून. पण गेटऑप्ट इंट परत करतं हे मॅन पेजच्या (मदतीच्या पानाच्या) पहिल्याच ओळीत आहे. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅर मध्ये घेतलं की ईओएफची, म्हणजे 'इनपुट संपलं' या खुणेची, हीच गत होते. म्हणून गेटकॅर टाकून द्यायचं का? वॉर्निंग सगळ्या चालू ठेवून कंपाइल केलं असतं तर एआरएमच्या कंपायलरनेच सांगितलं असतं की ही तुलना कायम खरीच राहणार.

-१२ चं म्हणणं मात्र खरं आहे. तिथे अडतं.

रात्रपाळी

हाताने लिहिलेल्या लूपबद्दल बोलताय तर पीकेएक्झेक (लिनक्सवर दुसऱ्याच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) विसरू नका. जानेवारी २०२२, त्यातलं पॉनकिट नावाचं भोक. आर्ग्युमेंट वाचणारा हाताने लिहिलेला लूप, n एकपासून सुरू, n आर्गसीपेक्षा लहान असेपर्यंत फिरायचा. कुणी आर्गसी शून्य ठेवून प्रोग्राम चालवला तर लूप फिरतच नाही, n एकवरच राहतो, आणि पुढची ओळ आर्गव्हीच्या एक नंबरच्या घरात हात घालते. ते घर असतं एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे चालवणाऱ्याने ठेवलेल्या व्हेरिएबलांचं. तिथून साधा यूजर थेट रूट, म्हणजे मशीनचा मालक. २००९ पासून ते तसंच पडून होतं, १२ वर्षं कुणाला दिसलं नाही. बातमी आली त्या रात्री मी एकटा ड्यूटीवर होतो. एकेक मशीनवर जाऊन सेटयूआयडीचा बिट (प्रोग्रामला त्याच्या मालकाचे अधिकार देणारा) काढत बसलो, पॅच नंतर. सकाळी सात वाजता चहा मिळाला.

वीस ओळींत काम होतं म्हणे.

हार्डवेअर_कट्टा

थांबा. यात गेटऑप्टने काय वाचवलं असतं ते सांगा. आर्गसी शून्य असेल तर गेटऑप्ट लगेच -१ देतं आणि ऑप्टइंड (पुढचा शब्द कितवा ते सांगणारा आकडा) एकवरच राहतो. त्यानंतर तुम्ही न तपासता आर्गव्हीतलं ऑप्टइंड नंबरचं घर उघडलंत, तर तेच घर आणि तेच भोक. चूक तपासणी न करण्याची आहे, लूपची नाही. शेवटी ५.१८ पासून लिनक्स कर्नलनेच अशा वेळी एक रिकामी स्ट्रिंग घालायला सुरुवात केली. जागता पहारा मला मान्य आहे, पण पुरावा चुकीच्या पारड्यात टाकू नका.

रात्रपाळी

बरोबर आहे. हे मी तपासलं नव्हतं.

सी-लॅब

मी डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवते, १४ वर्षं झाली. 'नव्या मुलांना काय शिकवावं' यावर इथे जो तो बोलतोय, म्हणून लिहिते.

आमच्या लॅबमध्ये परवापरवापर्यंत टर्बो सी (डॉसच्या काळातला कंपायलर) होतं. त्यात आर्ग्युमेंट द्यायचं म्हणजे रन मेनूत जाऊन 'आर्ग्युमेंट्स'च्या चौकटीत टाइप करायचं. मुलांनी काळा टर्मिनल पाहिलेलाच नसायचा. आर्गसी म्हणजे व्हायवाला विचारतात तो प्रश्न, एवढीच ओळख. त्यांना गेटऑप्ट शिकवा म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला भर नदीत सोडणं.

गेल्या टर्मला लिनक्स आलं. मी हौसेने प्रॅक्टिकलचं शीट वर्डमध्ये टाइप करून मुलांना पाठवलं. पहिल्या बॅचमधल्या २२ पैकी १९ जणांचा प्रोग्राम म्हणाला, अशी फाइल नाही. सगळ्यांचा कोड बरोबर. अर्धा तास मी एकेकाच्या खुर्चीमागे उभी. शेवटी एका मुलीने हेक्समध्ये पाहिलं, तर ऑप्शनच्या सुरुवातीला '-' चा बाइट '२डी' नव्हताच, तीन बाइट होते: 'ई२ ८० ९३'. वर्डने माझ्या दोन छोट्या रेघांची परस्पर एक लांब रेघ करून ठेवली होती आणि मुलांनी शीटवरून कॉपी मारली होती. ज्या तिघांचं चाललं त्यांनी हाताने टाइप केलं होतं.

हार्डवेअर_कट्टा

मॅडम, राग मानू नका, पण मूळ दुखणं हेच आहे. कोड लिहायच्या विषयाचं शीट वर्डमध्ये का? आमच्याकडे येणाऱ्या फ्रेशर्सना शब्दाचा आकडा करणारं एटूआय सोडून दुसरं माहीत नसतं. 'एबीसी' दिलं तरी शून्य, '०' दिलं तरी शून्य. एका पोराने बेंचवर ऑफसेटच्या जागी चुकून फाइलचं नाव दिलं, प्रोग्रामने शून्य धरला आणि अख्खी बॅच चुकीची कॅलिब्रेट झाली. हे कॉलेजात नाही शिकवायचं तर कुठे?

सी-लॅब

राग मानू नका म्हणून आधी राग येईल असंच बोलायचं. शीट वर्डमध्ये असतं कारण ते वर सबमिट करावं लागतं आणि वरचे दुसरं काही घेत नाहीत. दोन तासांचं प्रॅक्टिकल, त्यात हजेरी, त्यात जर्नलवर सह्या, त्यात चार मशीन बंद. त्यातून मी स्ट्रटॉल, म्हणजे चूक कळू देणारा एटूआयचा भाऊ, शिकवतेच. एररनो (चूक झाल्याची नोंद) आधी शून्य करा, एंडपॉइंटर (वाचन जिथे संपलं ती खूण) कुठे थांबला ते बघा, बेस शून्य देऊ नका, नाहीतर '०१०' अष्टमान धरून त्याचे आठ होतात. फळ्यावर लिहून देते. तुमच्या त्या पोराला हे कुणी शिकवलं नाही, कबूल. पण तुमच्या ऑफिसात आल्यावर त्याचा कोड कुणी रिव्ह्यू केला? तुम्हीच ना?

रात्रपाळी

सी-लॅब यांना हजार टक्के अनुमोदन. आमच्याकडे तर दहा वर्षांचे अनुभवी लोक पासवर्ड ऑप्शनमधून देतात आणि पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) मारलं की तो सगळ्या फ्लोअरला दिसतो. कॉलेजला शिव्या घालणं सोपं असतं.

पाइपवाला

धागा कॉलेजवर गेला तो आता तिथेच राहील असं दिसतंय. तरी -१२ वर रात्री विचार केला ते सांगतो. कट्टा, ऑफसेट मोकळा ठेवू नका, ऑप्शनची किंमत म्हणून घ्या. ऑप्टस्ट्रिंगमध्ये, म्हणजे गेटऑप्टला दिलेल्या ऑप्शनांच्या यादीत, टी च्या पुढे कोलन द्या. मग '-टी -१२' बिनतक्रार चालतं, कारण किंमत हवी असलेल्या ऑप्शनला गेटऑप्ट पुढचा शब्द उचलून देतं, त्याच्या आधी '-' असो नसो. आकडा स्ट्रटॉलने तपासा. ऑपरेटरला '--' समजावत बसावं लागणार नाही.

हार्डवेअर_कट्टा

मॅडम, रिव्ह्यू मीच केला होता. तो प्रश्न लागला.

पाइपवाले, आज बेंचवर करून पाहिलं. '-टी -१२' चाललं. उत्तर इंटमध्येच घेतलं. एकाक्षरी गेटऑप्ट मी आणतो, पण गेटऑप्ट लाँगला (लांब नावांचे ऑप्शन वाचणाऱ्या भावाला) हात लावणार नाही. त्यात कुणी '--व्हर्ब' एवढंच लिहिलं तरी तो 'व्हर्बोज' समजून पुढे जातो, आणि उद्या मी त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन घातला की जुन्या स्क्रिप्ट बंद पडतात.

पाइपवाला

तिथे मीही तुमच्याच बाजूचा. आमच्या स्क्रिप्टमध्ये लांब नावं पूर्ण लिहायचा नियमच आहे.

हार्डवेअर_कट्टा

बेंचच्या वर भिंतीला कागद चिकटवलाय: 'ऑफसेटच्या आधी -टी'. मार्करने, हाताने लिहून. मॅडमच्या शीटमुळे प्रिंट काढायची हिंमत झाली नाही.