पहाटेचे साडेपाच, पायात शूज आणि सर्व्हर झोपलेला: तुमचेही अनुभव लिहा

गोदातीरी
काल नाशिकला कॉलेज रोडला भाजी घेताना शेजारच्या माणसाच्या फोनवर ती रिंगटोन वाजली. तीच. ऑन-कॉलसाठी, म्हणजे सिस्टीम बंद पडली की वेळी-अवेळी फोन उचलायच्या पाळीसाठी, मी सहा वर्षं लावून ठेवलेली. हातातली मेथीची जुडी खाली पडली आणि मी खिसे चाचपायला लागलो. ती नोकरी सोडून तीन वर्षं झालीत! भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय झालं दादा, विंचू चावला का?"

त्यावरून आठवलं ते लिहितो.

डिसेंबर २०१८. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, माझी पहिलीच. काम वेब सर्व्हिसेसचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला सारखं काहीतरी विचारत असतं, त्याला उत्तरं देण्याचं दुकान आमचं. दुकानाला शटर नाही. ऑन-कॉलच्या आठवड्यात लांब पळायचं नाही हा माझा नियम होता. पण त्या रविवारी ३० किमी होते, टेपरिंगच्या (शर्यतीआधी पळणं कमी करत न्यायचं) आधीचा शेवटचा मोठा रन, आणि ड्यूटी बदलून घ्यायला कुणी तयार नाही. म्हटलं रविवारी पहाटे काय होणारे.

चारला निघालो. जेहान सर्कल, सोमेश्वर, गंगापूर गाव मागे टाकून धरणाच्या रस्त्याला लागलो. कडाक्याची थंडी, कानटोपी, कंबरेला दोन केळी आणि फोन. साडेपाचला १४ किमी झाले आणि कंबर किंचाळायला लागली.

सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे 'खरा सर्व्हर हाच' असं सांगणारं डिजिटल ओळखपत्र, संपलं होतं. मुदत रात्री २३:५९:५९ युटीसी (सर्व्हर पाळतात ती जागतिक वेळ), म्हणजे आपल्या पहाटे ५:२९:५९. गंमत म्हणजे नवं सर्टिफिकेट मीच दोन आठवड्यांपूर्वी आणून जागेवर ठेवलेलं. फक्त सर्व्हिस रिस्टार्ट करायची राहिली होती. फाईल नवी, पण सर्व्हिसच्या डोक्यात जुनीच. अमेरिकेत शनिवार संध्याकाळचे सात, ऑर्डरींचा ऐन वेळ, आणि एकही कॉल आत येईना.

लॅपटॉप घरी. रिक्षा नाही, चिटपाखरू नाही. बाबांना फोन लावला. बाबा नोटप्रेसमधून रिटायर झालेले, पूजेची तयारी करत होते. त्यांना लॅपटॉप उघडायला लावला. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला लागतो तो व्हीपीएनचा ओटीपी माझ्या फोनवर, तो वाचून दाखवला. काळी खिडकी उघडली. मग रिस्टार्टची आज्ञा: सुडो, स्पेस, सिस्टीमसीटीएल, एकेक अक्षर.

"डॅश म्हणजे आडवी रेघ ना? वरची की खालची?"
"बाबा, मधली."

मग पासवर्ड. "अरे मी टाइप करतोय पण काहीच उमटत नाही."
"उमटत नाही बाबा, तसंच असतं."
"असं कसं? मग बरोबर टाकलंय हे कळणार कसं?"

तीनदा चुकला. चौथ्यांदा त्यांनी आईला शेजारी बसवलं. ती अक्षर वाचणार, ते दाबणार. रस्त्याच्या कडेला मी ती अक्षरं ओरडून सांगतोय आणि दुधाच्या कॅनवाला मोटरसायकल हळू करून बघून गेला.

एकूण २६ मिनिटं बंद होतं. महिन्याला ९९.९ टक्के चालू ठेवायची हमी असेल तर महिनाभरात मिळून ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते. त्यातली २६ एका पहाटेत उडवली. उरलेले १६ किमी मात्र पळालो. अंग गार पडलेलं, पोटऱ्या लाकडासारख्या.

तुमचंही लिहा. पळणं नसेल तर सायकल चालेल, पोहणं चालेल.

निद्रिस्त ससा
५:२९:५९!!! अगदी अगदी. सर्व्हरची मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. जगभरच्या आळशी डेव्हलपरांनी रात्री बाराचे जॉब (आपोआप चालणारी कामं) लावून ठेवलेत आणि ते सगळे माझ्या तिसऱ्या किलोमीटरला पेटतात. मी महिनाभर भांडून आमचे तीन जॉब अडीच तास पुढे ढकलून घेतले. तिकिटात कारण लिहिलं 'लोड विभागण्यासाठी'. खरं कारण पांडवलेणीच्या पायऱ्या.

चौकस चिमणी
वडिलांना प्रॉडक्शनचा (खऱ्या, चालू सिस्टीमचा) पासवर्ड?? 😂😂 तुमच्या सिक्युरिटी टीममध्ये मी नव्हते हे तुमचं नशीब.

गोदातीरी
@चिमणी, सोमवारी सगळं कबूल केलं. पासवर्ड बदलला, दोन तास प्रवचन ऐकलं. वर आई महिनाभर तो पासवर्ड गुणगुणत होती.

शेवग्याची शेंग
मी नवीन सदस्य, मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ राहते. ऑन-कॉल असेल तेव्हा ट्रॅकवरच. गोल गोल. घरून ७ मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही असं ठरवलंय. कारण १५ मिनिटांत 'बघतेय' असं उत्तर द्यावं लागतं, आणि लॅपटॉप उघडून लॉगिन व्हायलाच ५ जातात. एकदा २४ किमी त्या ट्रॅकवर काढले. तिथले आजोबा मला 'घाण्याचा बैल' म्हणतात, प्रेमानेच.

पण खरा त्रास पहाटेचा नाहीच हो. नोव्हेंबरचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. आपलं घड्याळ जिथल्या तिथे. साडेआठचा कॉल साडेनऊला सुरू होतो, साडेदहाला संपतो. जेवण कधी, झोप कधी? नेमकं तेव्हाच मुंबईसाठी किलोमीटर वाढवायचे असतात. नवऱ्याला म्हटलं, मला मार्च येईपर्यंत रात्री काही विचारू नकोस. त्याने भाकरी शिकून घेतली. गोल येत नाही पण फुगते.

निद्रिस्त ससा
@शेंग, भाकरी फुगतेय तर गोलाईचं कशाला मनावर घेता 🙏

द्राक्षवाला पोऱ्या
भो, तुम्ही शहरवाले सुखी. मी निफाड तालुक्यातून वर्क फ्रॉम होम करतो, घरची द्राक्षबाग. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी झाला की पहाटे बागेत शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर थंडीने मणी तडकतात. म्हणजे साडेतीनला उठून शेकोट्या, पाचला रन, आठला आंघोळ, दहाला स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग). मॅनेजर व्हिडिओवर म्हणे 'तू दमलेला दिसतोस'. काय सांगू याला, केसांना धुराचा वास येतोय.

धुरातून पळू नका मात्र. एकदा पळालो, दोन दिवस खोकला. थंड हवेत धूर खालीच बसून राहतो, वर जात नाही. तेव्हापासून आधी वडनेरच्या दिशेला जाऊन वारा बघतो न मग ठरवतो.

मिसळसम्राट
कुणी पळून झाल्यावर मिसळ कुठे खाता ते लिहा की राव. धाग्याचा मूळ मुद्दा तोच आहे.

चौकस चिमणी
अवांतर सुरू 🍿

द्राक्षवाला पोऱ्या
मखमलाबाद रोड. पापड वेगळा सांगायचा.

मिसळसम्राट
२१ किमी पळून जेवढ्या कॅलरी जाळल्या त्या जास्तीच्या रश्श्यात परत. हिशेब चोख.

रीट्राय पुन्हा पुन्हा
माझा अनुभव उलटा आहे. पळण्याने काम सुधारलं.

आमची एक सर्व्हिस पाच मिनिटं आजारी पडली की पुढचे दोन तास उठायचीच नाही. कळेना का. मग एका हाफ मॅरेथॉनमध्ये पाण्याच्या स्टॉलवर बघितलं. सहा टेबलं ओळीने मांडलेली आणि सगळे पहिल्याच टेबलावर तुटून पडलेले. पेले भरणाऱ्या पोरी रडकुंडीला. ज्याला पाणी मिळालं नाही तो मागे फिरून परत त्याच टेबलावर! पुढची टेबलं मोकळी.

मी तिथे थांबून हसलो. आमचे क्लायंट हेच करत होते. उत्तर नाही आलं की लगेच पुन्हा, पुन्हा, सगळे एकाच क्षणी. सोमवारी बदल केला: पहिल्यांदा १ सेकंद थांब, मग २, मग ४, मग ८, आणि प्रत्येकाने त्यात थोडी वेडीवाकडी भर घालायची, म्हणजे सगळे एकदम येणार नाहीत. शिवाय सारख्याच विनंतीला एक क्रमांक दिला, दोनदा आली तरी पैसे एकदाच कापले जावेत म्हणून. तेव्हापासून उठते बिचारी.

माझी वेळ त्या दिवशी २ तास ४१. स्टॉलवर ४ मिनिटं गेली असं मी सगळ्यांना सांगतो.

शेवग्याची शेंग
@रीट्राय हे मी उद्या टीममध्ये चोरणार आहे.

निवृत्त पण धावता
मी आयटीतला नाही. नाशिकरोडला असतो, वय ६६. हे ऑन-कॉल म्हणजे आमच्या शिफ्टसारखंच की, फक्त संपत नाही असं दिसतं.

धावण्याची हौस आम्हाला भोसलाच्या मैदानावर लागली. सावरपाड्याची कविता राऊत सराव करताना बघायला आम्ही थांबायचो. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात १०,००० मीटरला कांस्यपदक घेतलं तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले होते. २०१६ ला रिओला मॅरेथॉन पळाली. तुम्ही पोरं घड्याळात बघून पळता, ती समोर बघून पळायची.

बाकी गोदातीरी, तुमचे वडील प्रेसला कुठल्या सेक्शनला होते? ओळख निघेल.

गोदातीरी
काका, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

कसाऱ्याचा घाट
मी न पोचलेल्यांपैकी. लिहू का नको करत होतो.

मॅरेथॉनचा बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला आदल्या दिवसांत मुंबईला स्वतः जावं लागतं. शुक्रवारची सुट्टी मंजूर होती. गुरुवारी रात्री रिलीज केलं (नवा कोड चालू केला), सगळं हिरवं. सकाळी पंचवटी पकडली. इगतपुरी सोडताना मेसेज आला: 'एरर वाढतायत, तू आहेस ना?' मी 'हो' लिहिलं. आणि गाडी घाटात शिरली.

बोगदे. नेटवर्क गेलं. तो 'हो' फोनमध्येच फिरत राहिला. बाहेर इतकं सुंदर ऊन पडलेलं दरीत, आणि मी दाराशी उभा राहून फोन वर धरतोय. शेजारचे काका म्हणाले, 'इथं देवालाही रेंज नसते, बसा.' कसारा आलं तसे एकदम ६३ मेसेज आले. शेवटचा होता 'जाऊ दे, आम्ही बघतो'. त्या चार शब्दांनी जेवढं लागलं तेवढं ३२ व्या किमीला पाय आखडले तेव्हाही नाही लागलं.

हो, ३२ ला सोडली. शुक्रवार-शनिवार मिळून सात तास झोपलो असेन. पेडर रोडच्या चढाच्या आधीच बसलो. एका मुलीने संत्र्याची फोड दिली.

चौकस चिमणी
🫂

निवृत्त पण धावता
३२ पर्यंत गेलात हे थोडं आहे का. पुढच्या वेळी शुक्रवारी नको, अजून एक दिवस आधीच जा. आणि कसाऱ्यापर्यंत फोन बंद.

कसाऱ्याचा घाट
फोन बंद ठेवायची हिंमत मॅरेथॉनपेक्षा अवघड आहे काका 😅

बैठा मारुती
कटू बोलतो, माफ करा. तुम्ही सगळे गोष्टी फार गोड करून सांगताय. मला चार वर्षांत ऑन-कॉलचा एक रुपया जास्त मिळाला नाही. रात्री तीनला उठवायचे आणि सकाळी दहाला 'फ्रेश' हवा. पायाला काही होईना पण माकडहाड दुखायला लागलं. फिजिओ म्हणाली, धावण्याने नाही, दहा तास बसण्याने. मांड्यांचे पुढचे स्नायू आखडलेत. तिने दिलेला व्यायाम साधा होता, दर तासाला उठायचं. मीटिंगमध्ये उठलो तर लीड विचारतो 'कुठे निघालास?'

मी पळणं सोडलं नाही. ऑन-कॉल सोडला. पगार कमी झाला, घरी दोन महिने अबोला. आता बरा आहे. हा पण अनुभवच ना?

गोदातीरी
आहेच की. मीही शेवटी तेच केलं, फक्त मला सहा वर्षं लागली.

निद्रिस्त ससा
@मारुती +१. पण आयडी बदला आता, 'बैठा' शोभत नाही.

नवखी
मी काउच टू फाइव्ह के च्या (नवशिक्यांना ५ किमीपर्यंत नेणारा सराव) चौथ्या आठवड्यात आहे 🙈 इथे सगळे ४२ वाले दिसतायत. एक विचारू का? त्र्यंबक रोडला पहाटे पावणेपाचला कुत्री मागे लागतात. काय करता?

द्राक्षवाला पोऱ्या
पळायचं नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल पण थांबायचं, हळू चालायचं, डोळ्यात बघायचं नाही. पळालं की तेही पळतात.

मिसळसम्राट
पारले-जी. चार पुडे, चार आठवडे. आता माझ्यासोबत तीन कुत्री पळतात. एकाची पेस माझ्याहून चांगली.

नवखी
पारले-जी 👍 थँक्यू सगळ्यांना.

चौकस चिमणी
गोदातीरी, मुख्य गोष्ट राहिलीच. ती मुंबईची झाली का पूर्ण?

गोदातीरी
झाली. ५ तास १२. बाबा-आई शेवटच्या वळणाला उभे होते. मी हात वर केले, तर बाबा दोरीवरून वाकून ओरडले, "फोन कुठाय तुझा?" मी म्हटलं, बॅगेत. म्हणाले, "मग वाजला तर?"

त्यांना आत्ता हा धागा वाचून दाखवला. त्यांची एक दुरुस्ती आहे. तीनदा नाही, दोनदाच चुकला. तिसऱ्यांदा कॅप्स लॉक आईच्या हातून लागला होता.

शेवग्याची शेंग
😂😂 काकूंची बाजू पण येऊ द्या.

निद्रिस्त ससा
रविवारी कोण कोण येतंय? जेहान सर्कल, पाच वाजता, सोमेश्वरपर्यंत आणि परत, सगळ्यांना झेपेल अशा पेसने. नवखीताई तुम्हीपण.

मिसळसम्राट
नंतर मखमलाबाद असेल तर हो.

शेवग्याची शेंग
येते. पण या आठवड्यात ऑन-कॉल आहे, लॅपटॉप पाठीवर असेल. हसायचं नाही.