पहिलाच उंच वाफा करतेय: चौकट तयार आहे, आत काय भरू?

पहिलावाफा
घरामागच्या गवताच्या तुकड्यावर भाजीसाठी उंच वाफा करायचं ठरवलंय. आजवर कुंडीपलीकडे काही लावलेलं नाही. भावाने फळ्यांची चौकट ठोकून दिली: आठ फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच. वसंतातल्या लागवडीला अजून आठेक आठवडे आहेत.

खालचं गवत खणून काढावं लागेल का? आत नुसतंच कंपोस्ट भरलं तर? खत जितकं जास्त तितकं चांगलं, असा माझा समज आहे. ओळखीतल्या एकांचा गोठा आहे, ते हवं तेवढं शेण न्या म्हणतात. ते आत्ताच टाकून ठेवू का? आणि टोमॅटो, घेवडा, पालक, गाजर हे सगळं एकदम लावता येतं का?

मुलगी सहा वर्षांची आहे. स्वतः पेरलेलं गाजर स्वतः उपटायचं हे तिने मनात घेतलंय. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून आधी विचारून घेतेय.

उन्हाचीवाट
चार फूट रुंदी अगदी बरोबर, दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. एका बाजूला भिंत असेल तर मात्र दोन-अडीच फूटच ठेवा. भरायच्या आधी जागा पक्की करा, कारण ही चौकट म्हणजे ३२ घनफूट, जवळपास ९०० लिटर माती. एकदा भरली की हलत नाही. शेजारच्या झाडांची पानं आत्ता गळालेली असतील तर आजच्या उन्हावर जाऊ नका. पालवी फुटली की तिथेच सावली येते. टोमॅटोला रोज सहा ते आठ तास थेट ऊन हवं.

जुनीमाती
गवत खणू नका. आखूड कापा, वर साधा पुठ्ठा अंथरा, चिकटपट्ट्या आणि पिना काढून. तुकडे एकमेकांवर निदान वीतभर चढवा, नाहीतर फटीतून गवत नेमकं वर येतं. पुठ्ठा भिजवून मग माती भरा. तो हळूहळू कुजतो आणि मुळं खाली उतरतात. हरळी किंवा लव्हाळा असेल तर मात्र पुठ्ठ्यावर विसंबू नका, ती मुळासकट काढावीच लागते.

नुसतं कंपोस्ट नको. ते पटकन सुकतं, हंगामभरात बरंच खाली बसतं, आणि क्षार व स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त होतात. निम्म्याहून थोडी जास्त चांगली पोयट्याची (फार चिकण नाही, फार रेताड नाही अशी) माती आणि उरलेलं पुरतं कुजलेलं कंपोस्ट, एवढंच पुरे. हे मिश्रणही काही इंच खाली बसेल, म्हणून लागवडीच्या तीन-चार आठवडे आधीच काठोकाठ भरून पाणी द्या. चिखल असताना माती कालवू नका. मूठभर दाबून बघा: ढेकूळ झालं आणि बोटाने टोचल्यावर भुगा झाला, तर वाफसा आहे, म्हणजे माती कालवण्याजोगी आहे.

आता शेणाबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. ताजं शेण यंदा वाफ्यात अजिबात नको. कोवळी मुळं करपतात, आणि त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर येऊ शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चं शेण काढणीच्या निदान १२० दिवस आधी मातीत गेलेलं असावं लागतं. त्या गोठ्यावर वर्षभर मुरलेला ढीग असेल तर तो मागा.

पण तोही तपासल्याशिवाय घेऊ नका. माझ्या दुसऱ्या वर्षी मी आणलेलं शेणखत काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं होतं. महिनाभरात टोमॅटोचे शेंडे आत वळले, नवी पानं अरुंद होऊन वाटीसारखी दुमडली, शिरा एकमेकींना समांतर दिसायला लागल्या. मी विषाणू समजून झाडं उपटली, त्याच जागी नवी लावली, त्यांचंही तेच झालं. कारण होतं वैरणीच्या कुरणावर मारलेलं रुंद पानांच्या तणांचं तणनाशक. अमिनोपायरॅलिडच्या जातीची ही औषधं जनावराच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि खत कुजलं तरी टिकतात. गवतवर्गीय पिकांना त्याचं काही वाटत नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा मात्र लगेच सांगतात.

म्हणून आजच दोन कुंड्या भरा. एकीत खत आणि माती निम्मी निम्मी, दुसरीत तीच माती खताशिवाय. दोन्हींत घेवड्याच्या चार-चार बिया. पहिली दोन पानं फसवी असतात, त्यानंतर तीन-तीन दलांची पानं येतात, त्यातलं तिसरं उमलेपर्यंत थांबा. तुमच्याकडे आठ आठवडे आहेत, वेळ पुरतो.

पहिलावाफा
खूप आभार. शेण आणायला आज संध्याकाळीच निघणार होते! एक शंका: फळ्या एका जुन्या कुंपणाच्या आहेत, त्यांना हिरवट झाक आहे. शेवाळ समजून मी घासलं, पण निघत नाही.

जुनीमाती
मग त्या वापरू नका. ती झाक बहुधा तांब्याच्या औषधाची आहे, आणि जुन्या लाकडात त्याच्यासोबत आर्सेनिकही असायचं. बऱ्याच देशांत घरगुती लाकडासाठी ते २००३-०४ च्या सुमारास बंद झालं, त्याआधीचं कुंपण असेल तर धोका नको. जाळूही नका, राखेत आर्सेनिक उरतं. साध्या, औषध न मारलेल्या फळ्या घ्या. काही वर्षांनी कुजतील, तेव्हा बदलता येतील.

मुलीच्या गाजराचं सांगायचं राहिलं. गाजर उगवायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात वरचा थर एकदा जरी कडक सुकला तरी ओळ जाते. त्याच ओळीत मुळ्याच्या थोड्या बिया मिसळा. लाल छोटा मुळा पाच-सहा दिवसांत वर येतो, ओळ दाखवतो, आणि महिन्याभरात तिला उपटायला मिळतो. त्याच्या जागेत मग गाजर पोसतं. पालक, मुळा, गाजर थंड मातीत चालतात. घेवडा आणि टोमॅटो मात्र माती सकाळी १५ अंशांच्या वर जाईपर्यंत नको.

पहिलावाफा
तीन आठवड्यांनी लिहितेय. नव्या फळ्यांची चौकट झाली, पुठ्ठा अंथरलाय, खालचा माती-कंपोस्टचा थर भरला. खत अजून बाहेरच ताडपत्रीखाली आहे. साध्या मातीतल्या चारही बिया उगवल्या, खताच्या कुंडीत तीन. पानं दोन्हीकडे सपाट आहेत. तीन दलांचं तिसरं पान अजून मिटलेलं आहे. मुलगी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघून येते आणि "अजून नाही" असं सांगते.