राइट बंधूंचे पेटंट: हक्क की अडसर?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
माझी मुलगी नववीत असून तिला शाळेच्या विज्ञान मंडळात राइट बंधूंवर दहा मिनिटे बोलायचे आहे. तयारी करताना आम्ही दोघे एका ठिकाणी अडलो. ग्लेन कर्टिस या अमेरिकी विमाननिर्मात्यांच्या विमानातील तोल सावरण्याची रचना राइटांपेक्षा दिसायला वेगळी होती, तरीही राइटांनी त्यांच्यावर पेटंटभंगाचा खटला भरला आणि तो जिंकलाही. मुलीच्या मते हा हावरेपणा होता. मला तसे म्हणवत नाही, पण तिला काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही.

उत्तर १ (वाशी)
पेटंटच्या अर्जाची तारीख पाहावी. अर्ज मार्च १९०३ मध्ये केला, म्हणजे १७ डिसेंबरच्या उड्डाणाच्या जवळजवळ नऊ महिने आधी, आणि तो १९०२ च्या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर आधारलेला होता. राइटांनी हक्क मागितला तो उडण्यावर नव्हे, तर हवेत तोल सांभाळण्याच्या रीतीवर: एका बाजूच्या पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवायचा, दुसऱ्या बाजूचा कमी करायचा, आणि त्यामुळे यंत्राचे तोंड भलतीकडे वळू लागले की शेपटीच्या सुकाणूने ते सावरायचे. राइट यासाठी पंखच पिळत असत; कर्टिस यांनी पंखांच्या मध्ये हलणारी छोटी पाती, म्हणजे एलेरॉन, बसवली. साधन वेगळे असले तरी परिणाम तोच, असे मानून अपील न्यायालयाने जानेवारी १९१४ मध्ये राइटांच्या बाजूने निकाल दिला. केवळ इंजिनाच्या जोरावर हा प्रश्न सुटणारा नव्हता. त्याच काळात विमान उडवू पाहणारे अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांच्याकडे ५२ अश्वशक्तीचे इंजिन आणि युद्धखात्याचे ५०,००० डॉलर होते, तरी १९०३ मध्ये त्यांचे यंत्र दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. राइटांचे इंजिन होते सुमारे १२ अश्वशक्तीचे.

उत्तर २ (नेरूळ)
वाशीकरांचे स्पष्टीकरण अचूक आहे, परंतु मला तो निकाल फार व्यापक वाटतो. एलेरॉनसारख्या पात्यांची कल्पना मॅथ्यू बोल्टन यांनी १८६८ मध्येच इंग्लंडमध्ये पेटंटात नोंदवली होती. विल्बर यांची अखेरची वर्षे वकिलांच्या सहवासात गेली आणि १९१२ मध्ये विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला, याचे मला आजही वाईट वाटते. अमेरिका महायुद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये विमान कारखान्यांनी पेटंटे एकत्र ठेवून परस्परांना वापरू द्यावीत, अशी व्यवस्था सरकारच्या पुढाकाराने करावी लागली.

मात्र कर्टिस यांचीही बाजू स्वच्छ नव्हती. त्यांनी १९१४ मध्ये लँग्ली यांचे जुने यंत्र बरेच बदल करून उडवले आणि त्या आधारावर स्मिथसोनियन या अमेरिकी वैज्ञानिक संस्थेने, ते यंत्र राइटांच्या आधीच उडण्यास समर्थ होते, असे जाहीर केले. दुखावलेल्या ऑर्व्हिल यांनी १९२८ मध्ये आपले मूळ विमान लंडनच्या संग्रहालयात पाठवले. संस्थेने १९४२ मध्ये चूक मान्य केली. विमान १९४८ मध्ये मायदेशी परतले, पण ते पाहायला ऑर्व्हिल हयात नव्हते.

उत्तर ३ (नौपाडा, ठाणे)
मुलीने टूथपेस्टचे रिकामे खोके दोन्ही टोकांना उघडून सोबत न्यावे. ते पिळले की वरची-खालची बाजू एका टोकाला एकीकडे आणि दुसऱ्या टोकाला उलट कलते. विल्बर यांना १८९९ मध्ये सायकलच्या दुकानात पंख पिळण्याची युक्ती अशाच खोक्यावरून सुचली होती.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचे मनापासून आभार. खोके आत्ताच पिळून पाहिले. 'हावरेपणा' हा शब्द मुलीने स्वतःहून खोडला असून, बोल्टन यांचे नाव मात्र भाषणात घालणारच, असे ती म्हणते.