मदत हवी आहे : सावित्रीबाईंचं १८६८ चं पत्र सातवीला कसं सांगू?

परिपाठात १० मिनिटं मिळाली आहेत. शेणगोळ्यांची गोष्ट मुलांना पाठच आहे, म्हणून नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र निवडलं. गणेश ब्राह्मण, शारजा महार, तिला सहावा महिना. गाव दोघांना मारायला उठलं आणि सावित्रीबाई मध्ये पडल्या.

एका तुकडीत 'दोघांचं प्रेम होतं' एवढंच सांगून पाहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग मारायचं कशाला?" मी खडू शोधत बसले. धैर्यावर बोलताना माझीच गाळण उडाली!

मूळ मराठी पत्र हाताशी आहे, मुख्याध्यापकांची हरकत नाही. व्हिडिओ नको, वर्गात पडदा नाही. जात आणि गरोदरपण दोन्ही न झाकता, १२ वर्षांच्या मुलांसमोर पहिली दोन वाक्यं तुम्ही काय बोलाल?