‘सावज’ की ‘भक्ष्य’? बेटावरच्या लांडग्यांच्या फलकासाठी

म्हादई
पणजीतल्या एका विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहायचे आहेत. वाचक आठवी-नववीचे. विषय अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावरचे लांडगे आणि मूस, म्हणजे तिथलं प्रचंड मोठं हरीण. मसुद्यात हे वाक्य होतं: ‘सावजांची लोकसंख्या वाढली की काही काळाने भक्षकांची वाढते.’ तपासणीत ‘सावज’ खोडून ‘भक्ष्य’ केलं गेलं. शेरा असा की सावज हा शिकारकथांतला शब्द आहे, शास्त्रात चालत नाही. मला ते पटत नाही. शिवाय ‘लोकसंख्या’ खटकतो. काय ठेवावं?

वाळपईकर
सावजच ठेवा. भक्ष्य म्हणजे जे खाल्लं जातं ते, मग ते आधीच मेलेलं का असेना. सावज जिवंतपणी हेरलं जातं, त्याचा पाठलाग होतो. या बेटावर तर हा फरक फार मोलाचा आहे. लांडग्यांनी मूस पाडला की खोकडं आणि डोमकावळे त्यावर ताव मारतात. मूस हे खोकडाचं भक्ष्य झालं, सावज नव्हे. 1996 च्या कडक हिवाळ्यात खोल बर्फ, गोचिडी आणि चाऱ्याचा तुटवडा एकदम आला आणि सुमारे 2,400 मूस होते ते 500 वर आले. बहुतेक उपासमारीने मेले. लांडग्यांनी मारलेले आणि उपाशी मेलेले या दोघांना एकच शब्द वापरलात तर मुलांना वाटेल की सगळे लांडग्यांनीच खाल्ले.

समीकरण
वाळपईकरबाब, बेटापुरतं ठीक. पण संज्ञा एका बेटासाठी नसते. 1934 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांनी परीक्षानळीत पॅरामेशियम हा एकपेशीय जीव आणि त्याला गिळणारा दुसरा एकपेशीय जीव डिडिनियम एकत्र ठेवले. डिडिनियमने सगळे पॅरामेशियम संपवले आणि मग तो स्वतः उपाशी मेला. तळाशी लपायला गाळ ठेवला तर पॅरामेशियम वाचले, डिडिनियम मात्र मेले. दर तिसऱ्या दिवशी बाहेरून दोन्हींचा एकेक जीव आत सोडला, तेव्हा कुठे चढउतार टिकले. एकपेशीय जीवाला सावज म्हणणार का? भक्ष्य तिथेही चालतं, लांडग्यापाशीही चालतं.

वाळपईकर
म्हणायला हरकत काय? ‘सायबर चोरांचं सावज’ रोज वर्तमानपत्रात येतं. तिथेही कुणी धनुष्यबाण घेऊन रानात गेलेलं नसतं.

पेडणेकर
सावजाची व्युत्पत्ती पाहा. संस्कृत श्वापद, प्राकृत सावय, त्यातून सावज. श्वापद म्हणजे हिंस्र पशू! गुजरातीत आजही सावज म्हणजे गीरचा सिंह. आपल्या कोंकणीत ‘सावद’ म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणजे खाणाऱ्याचं नाव मराठीत येऊन खाल्ल्या जाणाऱ्याला लागलं. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलासमोर ‘सावजांची संख्या’ लिहिलंत तर त्याला त्यात लांडगेही दिसतील. म्हणून मी भक्ष्याच्या बाजूचा. आणि कृपा करून ‘भक्ष’ लिहू नका. ‘भक्ष्यस्थानी पडणे’ यातही य आहे.

सत्तरी
व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, वापराने ठरतो. माझी अडचण भक्षकाशी आहे. ‘रक्षकच भक्षक’ हे ऐकत मुलं वाढतात, त्यांच्या लेखी भक्षक म्हणजे दुष्ट. लांडग्याचं नाव आधीच बदनाम आहे. ‘शिकारी प्राणी’ म्हणा.
लोकसंख्या मात्र काढाच, लांडगे लोक नव्हेत. वनखातं ‘गणना’ म्हणतं, अभयारण्याच्या अहवालात ‘संख्या’ असते, तेवढं पुरे.

समीकरण
‘संख्या’ पुरत नाही. गणनेत मिळते ती संख्या. एका जागी राहणारा, आपसात प्रजनन करणारा एका जातीचा समूह ही वेगळी कल्पना आहे, आणि बेटाचं महत्त्व तिच्यातच आहे. 1997 मध्ये बर्फावरून एकच नर लांडगा आला आणि त्याच्या पिल्लांनी कळपांचं रक्त बदललं. संख्या फक्त एकने वाढली होती. त्याच्यानंतर जवळच्या नात्यातलं प्रजनन पुन्हा वाढलं, पाठीच्या कण्यात दोष आले आणि 2018 पर्यंत दोनच लांडगे उरले. मग 2018-19 मध्ये बाहेरून 19 आणून सोडावे लागले. ‘जीवसंख्या’ करा.

पेडणेकर
जीवसंख्या कोणी बोलतं का? त्यापेक्षा पॉप्युलेशन बरं.

सत्तरी
गोव्यातल्या मराठीने ते करू नये. एकदा दार उघडलं की प्रेडेटरही येईल.

समीकरण
म्हादईताई, शब्दापेक्षा तुमचं ‘काही काळाने’ जास्त दुबळं आहे. तो काळ का लागतो ते लिहा. लांडगे मुख्यतः पाडसं आणि दहाएक वर्षांपुढचे, सांधे धरलेले मूस मारतात. भर तारुण्यातला मूस लाथेने लांडग्याची बरगडी मोडतो. म्हणून एका वर्षी पाडसं खूप जगली तर त्यांचा पुरा फायदा लांडग्यांना ती म्हातारी झाल्यावर मिळतो. 1970 च्या सुमारास मूस भरपूर होते, लांडगे 50 वर पोहोचले ते 1980 मध्ये. आणि आलेखात पाठ्यपुस्तकातल्या लाटा शोधू नका. 1982 मध्ये लांडगे 14 झाले ते कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूमुळे, सावज कमी झालं म्हणून नव्हे.

वाळपईकर
पाहा, सावज म्हणालात.

म्हादई
उपयोगी आहे, ‘काही काळाने’ बदलते. आणखी एक: ‘मूस’ वाचून इथल्या मुलाच्या डोळ्यांपुढे माशी येते. कोंकणीत मूस म्हणजे माशी, मराठीत सोनाराची मूस.

सत्तरी
‘मूस हरीण’ लिहा आणि शेजारी त्याच मापात सांबराचं चित्र द्या. इथे सांबराला ‘मेरू’ म्हणतात, तेही लिहा.

समीकरण
गोव्यासाठी बेटापेक्षा मासे जवळचे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली. फ्यूमे बंदरावरच्या मासळीत शार्क-पाकटांसारख्या शिकारी माशांचा वाटा 1914 मध्ये सुमारे 12 टक्के होता, तो 1918 मध्ये 36 झाला. जीवशास्त्रज्ञ दांकोना यांनी हे आकडे होणाऱ्या सासऱ्यांपुढे, गणितज्ञ व्होल्टेरांपुढे ठेवले, त्यातून भक्षक-सावजाच्या चढउताराची 1926 ची समीकरणं आली. त्यांत सावजाची सरासरी भक्षकाच्या मृत्युदरावर ठरते, सावजाच्या जन्मदरावर नाही. जाळं दोघांनाही मारतं, ते थांबलं की भक्षक वाढतात आणि लहान मासे घटतात.

पेडणेकर
मग आपली जून-जुलैची मासेमारीबंदी?

समीकरण
दोन महिन्यांत हा परिणाम दिसणार नाही. मोरीला, म्हणजे शार्कला, पिल्लं मोजकी होतात आणि वयात यायला वर्षं लागतात. बंदी आहे ती पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या मासळीसाठी.

वाळपईकर
मोरी की मुशी? फलकावर मराठी हवी ना?

पेडणेकर
मोरीही मराठीच. मालवणात मोरीचं मटण म्हणतात, मुशीचं नाही.

सत्तरी
मुशी लहान, मोरी मोठी असा फरक काही बंदरांवर करतात. आणि पाकट? इथे बाजारात ‘वागळें’ म्हणतात. पाकट म्हटलं तर किती मुलांना कळेल?