मदत हवी आहे: बोटीच्या एजंटने ठरलेला बेत कधी मोडावा?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात फोंड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मांडवी नदीत रायबंदर ते चोडण या पट्ट्यात पाण्याचा खारेपणा मोजत फिरणाऱ्या छोट्या स्वयंचलित बोटीचा निर्णय घेणारा भाग, म्हणजे एजंट, लिहितोय. सध्या सगळं सिम्युलेटरवर आहे, पावसाळा सरला की बोट पाण्यात उतरवायची आहे.

रचना बीडीआय पद्धतीची आहे: समजुती, इच्छा आणि त्यातून पक्के झालेले इरादे. कोड जेसन या एजंट लिहायच्या साधनात, वाट ए-स्टार या कमी खर्चाचा मार्ग शोधणाऱ्या पद्धतीने काढतो.

अडलंय ते असं. बोट तिसऱ्या ठिकाणाकडे निघते आणि तेवढ्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. लगेच एजंट ठरवतो, आधी चौथं ठिकाण उरकू. बोट वळते. फेरीबोट जरा पुढे गेली की तिसरंच सोयीचं वाटतं, की पुन्हा वळते. ओहोटीच्या ओढीत अशी मध्येच घुटमळत राहते आणि बॅटरी संपते. पोचल्याशिवाय बेत बदलायचाच नाही असं सांगून पाहिलं, तर थेट फेरीबोटीच्या वाटेत शिरते. त्या फेरीबोटीत माणसं असतात, तिथे मला काडीचीही तडजोड नको.

किनी आणि जॉर्जेफ या संशोधकांनी 1991 मध्ये टाइलवर्ल्ड या एजंट तपासायच्या बदलत्या नकली जगावर दाखवलंय की जग सावकाश बदलत असेल तर इराद्याला चिकटून राहणारा एजंट सरस ठरतो, भराभर बदलत असेल तर वारंवार फेरविचार करणारा. मांडवीत दोन्ही एकदम आहे. भरती-ओहोटीच्या वेळा आधीच ठाऊक असतात, त्या आखणीतच धरता येतात. फेरीबोट मात्र गर्दीच्या वेळी भरली की सुटते, तिचा नेम नाही.

म्हणून टक्कर टाळण्याचं काम खालच्या वेगळ्या थरात टाकावं असं वाटतंय, ब्रुक्स या रोबॉट-संशोधकाने 1986 मध्ये मांडलेल्या थररचनेसारखं. तो थर वेग कमी करेल, बोट बाजूला घेईल, पण इराद्याला हात लावणार नाही. पण मोजायची जागा धक्क्यालगतच असेल आणि फेरीबोट तिथून हलतच नसेल, तर? 'आता हा इरादा सोड' हे खालच्या थराने वर कळवायचं कसं, आणि किती वेळ वाट पाहून?

नवा बेत जुन्यापेक्षा बऱ्यापैकी कमी खर्चाचा असेल तरच बदलायचा, असा उंबरठा कुणी लावून पाहिलाय का? उरलेल्या बॅटरीप्रमाणे तो वरखाली करावा का? जेसनमध्ये इरादा तात्पुरता थांबवायची सोय आहे. पण थांबवलेला इरादा पुन्हा सुरू होईतो पाण्याची ओढ बदललेली असते आणि जुनी वाट महाग पडते. त्या क्षणी फक्त वाट नव्याने काढावी की इराद्याचाच फेरविचार करावा, हे मला सगळ्यात आधी समजून घ्यायचंय. हवे असतील तर लॉग इथे टाकतो.